हनीफभाईंचा शेवटचा रिफंड

१ ऑगस्ट, शुक्रवार. रक्कम बेचाळीस हजार चारशे तीस रुपये. हजर तिघे: हनीफभाई, मी आणि माझी पत्नी सुलभा. फोनवर चौथ्या रुखसानाभाभी, म्हणजे हनीफभाईंच्या पत्नी, रत्नागिरीजवळच्या त्यांच्या गावातून. जागा, दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातलं आमचं जेवणाचं टेबल. त्या दुपारी हनीफभाईंनी भारतातलं आपलं इन्कम टॅक्स रिटर्न भरलं आणि पुढच्या मंगळवारी सकाळी ते गेले. वय अठ्ठावन्न.

त्या शुक्रवारी वेगळं असं काहीच घडलं नव्हतं. जुम्म्याची नमाज आटपून ते आले, सुलभाने वाढलेली आमटी दोनदा मागून घेतली आणि मग लॅपटॉपसमोर बसले. रिटर्न भरल्यावर ते आपणच भरलं आहे हे पटवायला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर एक ओटीपी येतो. हनीफभाईंचा तो नंबर गावाकडे, भाभींच्या फोनमध्ये. आणि त्यांच्या घरात रेंज नाही, ती परसातल्या फणसाखाली येते. तेव्हा दरवर्षी रिटर्नच्या वेळी भाभी फोन हातात धरून फणसाखाली जायच्या.

"पोचलीस काय?" हनीफभाईंनी विचारलं.

"पोचले. पण हितं म्हस बांधलीय. सरक म्हटलं तर सरकत नाय."

"तिला सांग, सरकारी काम हाय."

भाभींनी सहा आकडे वाचले. हनीफभाईंनी ते एका बोटाने, एकेक करून दाबले. मला ते कधी दाबू देत नसत. शेवटी पडद्यावर आलेली रक्कम त्यांनी मोठ्याने वाचली, "खलास" म्हणाले, आणि चहा न घेताच उठले, कारण दुकान चार वाजता उघडायचं होतं. दारात चपला घालताना सुलभाला म्हणाले, "वहिनी, आमटीत कोकम कमी पडतं तुमच्या. पुढच्या खेपेला घेऊन येतंय." ती पुढची खेप... असो.

मंगळवारी सकाळी दत्ताचा फोन आला. दत्ता बीडकडचा, इथे प्लास्टरचं काम करतो, गेली तीन वर्षं अल हिलालमधल्या एका जुन्या व्हिलात हनीफभाईंच्याच खोलीत राहत होता. "साहेब, हनीफभाई उठंनात," एवढंच तो म्हणाला. मी पोचलो तेव्हा अँब्युलन्सवाले त्यांचं काम संपवून कागद भरत होते. झोपेतच हृदय थांबलं होतं. भाभींशी बोलून दफन इथेच करायचं ठरलं. हनीफभाईंची तशीच इच्छा होती म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजेनंतर उन्हाने डोळे उघडत नव्हते अशा वेळी त्यांना माती दिली. दुकानाचा कतारी मालक स्वतः आला होता, आणि पुढच्या आठवड्यात त्याने त्यांचा पगार आणि नोकरीअखेरचा हिशोब एक रियाल इकडेतिकडे न करता गावी पाठवून दिला. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा वेळी जे नीट होतं ते कुणी लिहीत नाही.

हनीफभाई सूक वाकिफ या जुन्या बाजारात एका कापडाच्या दुकानात विक्रेते होते. एकतीस वर्षं. आमची ओळख तिथलीच. मी एका कंत्राटदार कंपनीच्या हिशोब खात्यात आहे, आम्ही मूळचे सांगलीचे. नवं घर घेतलं तेव्हा पडद्याचं कापड बघायला गेलो होतो. सुलभाने नेहमीप्रमाणे कापड हातात धरून, विक्रेत्याकडे न बघता, मला मराठीत सूचना द्यायला सुरुवात केली. "तो नव्वद म्हणतोय. तुम्ही सत्तर म्हणा. ऐंशीला सोडेल, चेहऱ्यावरनं भला दिसतोय."

विक्रेत्याने कापडाची घडी घालत घालत, शुद्ध मराठीत उत्तर दिलं. "वहिनी, पंचाहत्तर म्हणा. ऐंशीला सोडायचं मी मघाशीच ठरवलंय, पण घासाघीस न होता तुमची निराशा व्हायला नको."

सुलभा इतकी लाजली की तिने नव्वद देऊ केले. ते त्यांनी घेतले नाहीत. शेवटी अठ्ठ्याहत्तरला ठरलं, आणि कापड कापून झाल्यावर ते म्हणाले, "सौदा ठरला की मोडायचा नाय. आता मी साठ म्हटलं तरी तुम्ही अठ्ठ्याहत्तरच द्यायचे." हा त्यांचा नियम होता. भाव ठरेपर्यंत वाटेल तेवढं बोला, ठरल्यावर एक शब्द नाही.

चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एका संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. आल्या आल्या त्यांनी फोन पुढे केला. इन्कम टॅक्स खात्याचा मेसेज होता. तुमचं परदेशात बँक खातं आहे असं आम्हाला कळलं आहे, ते तुम्ही रिटर्नमध्ये दाखवलेलं नाही, दुरुस्त करा, अशा अर्थाचा. हनीफभाईंना त्यातला 'परदेशात खातं' एवढाच भाग समजला होता, आणि आपल्याला काळ्या पैशाच्या यादीत घातलंय अशी त्यांची खात्री झाली होती.

इथे वाचकांसाठी दोन ओळी. कतारमध्ये पगारावर कर नाही. मग इथल्या कामगाराला भारतातला कर कुठून आला? तर तो गावाकडे मुदत ठेव ठेवतो. परदेशी राहणाऱ्याच्या एनआरओ खात्यातल्या ठेवीवर जे व्याज मिळतं, त्यातून बँक थेट एकतीस टक्क्यांहून थोडा जास्त कर कापून घेते. ठेव लहान असो, मोठी असो. पण त्याचं भारतातलं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल, आणि आमच्यातल्या बहुतेकांचं ते असतंच, तर हा सगळा कर परत मिळतो. त्यासाठी रिटर्न भरावं लागतं. सरकारी पोर्टलवर ते भरायला एक पैसाही पडत नाही. हे बहुतेकांना माहीत नसतं आणि ज्यांना माहीत असतं ते एजंट होतात.

हनीफभाईंचा एजंट त्यांच्या गावच्या बँकेजवळच बसायचा. रिफंडच्या तीस टक्के त्याचे. त्याने फोनवर एकच प्रश्न विचारला होता.

"काय विचारलं होतं?" मी म्हटलं.

"रेसिडेंट की नॉन-रेसिडेंट."

"आणि तुम्ही?"

"रेसिडेंट! दुसरं काय सांगणार? सत्तावीस वर्षं रेसिडेंट हाय मी. हे बघा कार्ड." त्यांनी खिशातून कतारचं रहिवासी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "नॉन-रेसिडेंट म्हणजे व्हिजिटवर आलेला नायतर पळून राहिलेला. मी काय पळून राहिलोय?"

मला हसू आवरेना, आणि हसणं बरं दिसत नव्हतं. त्या फॉर्ममध्ये रेसिडेंट म्हणजे भारतात राहणारा. भारतात राहणाऱ्याने जगातलं सगळं उत्पन्न आणि बाहेरची खाती दाखवायची असतात. इथे मात्र 'रेसिडेंट' हा इज्जतीचा शब्द आहे. ज्याचं कार्ड चालू तो रेसिडेंट, ज्याचं संपलं त्याची झोप गेली. इथल्या कुठल्याही माणसाला अर्ध्या झोपेत विचारा, तो छाती पुढे काढून रेसिडेंटच म्हणणार. पुढे मी पाहिलेल्या चुकांत ही चूक सगळ्यात जास्त वेळा आली, आणि आली की मी विचारायचो, "कार्ड दाखवलं होतं का?"

एजंटला फोन लावला तर तो म्हणाला, फॉर्म तुमच्या सांगण्यावरून भरला, नोटिशीची फी वेगळी पडेल. रिटर्न दुरुस्त करायची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत होती. मी समोर बसवून त्यांच्याकडूनच सुधारित रिटर्न भरून घेतलं, अनिवासी म्हणून. मेसेजला उत्तर दिलं. पुढे काही आलं नाही आणि त्यांचा रिफंडही कायम राहिला. काम दीड तासाचं होतं. हनीफभाई त्या रात्री काय झोपले असतील ते असो, दुसऱ्या दिवशी दुकानातून सुलभासाठी साडेपाच वार रेशमी कापड घेऊन आले. मी फुकट घेणार नाही म्हटलं. मग आमच्या दारात असा सौदा झाला की त्यात मी भाव चढवत होतो आणि ते उतरवत होते. "दोनशे." "वीस." "दीडशे तरी घ्या." "पंचवीस, वर नाय." शेजारचे केरळी गृहस्थ दार उघडून बघून गेले.

त्यानंतर शुक्रवारी ते रिटर्न भरायला माणसं आणू लागले. पहिला दत्ता. गावाकडे रस्त्यासाठी जमीन गेली, त्याच्या वाट्याचे सहा लाख ठेवीत होते. वर्षाचं व्याज बेचाळीस हजार, त्यातून कापलेला कर तेरा हजार एकशे चार. एजंटने त्याच्याकडे तीस टक्के आणि वर हजार रुपये 'फाइल चार्ज' मागितला होता. म्हणजे चार हजार नऊशेच्या वर. दत्ता खुर्चीच्या कडेवर बसला होता, बूट घालूनच, कधीही उठता यावं अशा बेताने.

हनीफभाईंनी माझ्याकडे हात केला. "साहेबांची फी दोनशे रियाल."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

दत्ताने मनातल्या मनात रुपये केले. "दोनशे? म्हंजी एजंटाएवढंच झालं की."

"एजंट बँकेच्या पायरीवर बसतो. हे कंपनीचे अकाउंटंट हायत. दोनशे."

"शंभर देतो."

"दीडशे."

"आवो हनीफभाई, मी प्लास्टरवाला माणूस. पन्नास द्या म्हणलं तर दोन दिवस खायचं न्हाई मला."

"दोन दिवस नको उपाशी राहूस. तीस?"

"वीस."

"वीस नाय, वीस नाय... बरं, तुझ्या तोंडाकडं बघून. आम्हा दोघांना एकेक करक चहा पाज. साखर कमी. हाय कबूल?"

दत्ताने हात पुढे केला आणि सौदा ठरला. रिटर्न भरून झाल्यावर त्याने खरंच खालच्या टपरीतून दोन करक चहा आणले, आणि जाताना जिन्यात कुणाला तरी फोनवर सांगत होता, "दोनशे सांगत होते, च्यावर आणलं म्या!"

तो गेल्यावर मी भडकलो. "माझ्या नावावर फी सांगता? मी एक रियाल घेत नाही हे तुम्हाला माहीत आहे. हा खोटेपणा झाला."

"खोटेपणा कसला? त्याने दोनशे दिले काय?"

"नाही, पण..."

"ऐका. गेल्या महिन्यात मी एका माणसाला सांगितलं, चल, फुकट होतं. तो म्हणाला, फुकट का? त्यांना काय मिळतं? पासवर्ड घेणार, पैसे काढणार. आला नाय. एजंटाकडं गेला, तीस टक्के देऊन आला, खूश होता. फुकट म्हटलं की माणूस मागचं दार शोधतो. किंमत सांगितली की तो किमतीशी भांडत बसतो. भांडला, जिंकला, आता त्याला विश्वास हाय."

"आणि एखादा दीडशेला कबूल झाला तर?"

हनीफभाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "सत्तावीस वर्षं दुकानात उभा हाय मी. कुणाला दीडशेला थांबू देईन काय?"

आणि खरोखर, चार वर्षांत कुणी थांबला नाही. सुतार, ड्रायव्हर, एसी मेकॅनिक, एक शाळेच्या बसवरचा मदतनीस. प्रत्येकाचा सौदा वेगळ्या वाटेने जायचा आणि चहावर येऊन संपायचा. हनीफभाईंना आकड्यांत काडीची गती नव्हती. टीडीएस आणि रिफंड यांतला फरक त्यांना मी चार वर्षं समजावला आणि चारही वर्षं ते "म्हणजे एकच ना" म्हणाले. त्यांचं काम माणसाला खुर्चीत बसवण्याचं होतं. मात्र एक शिस्त त्यांनी घातली आणि ती माझ्या सुचण्यापलीकडची होती. माझ्या हाताला कुणाचा पासवर्ड लागता कामा नये, ओटीपी ज्याचा त्याने टाकायचा, रिफंड ज्याच्या त्याच्या खात्यात, आणि शेवटचं बटण दाबण्याआधी रक्कम त्याने स्वतः मोठ्याने वाचायची. ज्याला वाचता येत नाही त्याने आकडे एकेक करून बोलायचे. "कापड कापायच्या आधी गिऱ्हाइकाला मोजून दाखवतो आपण," ते म्हणायचे. "मग नंतर कोण बोलत नाय."

ऑगस्ट संपता संपता भाभींचा फोन आला. आता हा जो रिफंड हनीफभाईंनी माझ्या टेबलावर मागितला होता, तो खात्याने मंजूर केला होता, वर एप्रिलपासूनचं पाच महिन्यांचं व्याज एक हजार साठ. पण तोवर मृत्यूची खबर मिळून बँकेने त्यांचं खातं गोठवलं होतं. पैसे परत गेले. 'रिफंड अयशस्वी' असा मेसेज भाभींच्या फोनवर आला आणि इंग्रजी वाचता येईना म्हणून त्यांनी तो दाखवला कुणाला, तर बँकेजवळच्या त्या जुन्या एजंटाला.

"भाऊ, तो म्हणतो पैसे सरकारजमा होणार. मयताचं काम म्हणून अवघड हाय. तीस टक्के म्हणत होता. मी बारावर आणलं." आवाज रडून बसलेला होता, तरी त्या शेवटच्या वाक्यात हनीफभाईंच्या बायकोचा अभिमान होता.

मी म्हटलं, "भाभी, बारासुद्धा द्यायचे नाहीत. वारस म्हणून तुमची नोंद करायची आणि रिफंड पुन्हा मागायचा. पोर्टलवर त्याला फी नाही."

"पण भाऊ, मी इद्दतमध्ये हाय."

नवऱ्याच्या मृत्यूनंतर चार महिने दहा दिवस बाई घराबाहेर पडत नाही. मला हे माहीत होतं, पण त्याचा असा हिशोब मी केला नव्हता. वारसांचा दाखला तहसील कचेरीतून आणायचा, झेरॉक्स, बँक... हे कुणी करायचं? एजंट म्हणाला होता, तुम्ही उंबरा ओलांडू नका, सगळं घरपोच करतो. बाराचे पाच हजार दोनशे होतात. दिवस अडवणारे असताना माणूस पाच हजार देऊन टाकतो. आणि घरात गरज साधी नव्हती. त्यांची एकुलती मुलगी शबाना रत्नागिरीत बी.एड. करते. दुसऱ्या वर्षाची फी भरायची शेवटची तारीख डिसेंबरात होती. ठेव वारसांच्या नावावर व्हायला वेळ लागणार होता. जवळ येणारी रक्कम ही एवढीच.

"शबाना जाईल कचेरीत," मी म्हटलं.

मग खरी अडचण बाहेर आली. "ते होईल ओ. पण मी त्याला शब्द दिलाय. बाराला ठरलं. शबानाच्या अब्बांच्या घरात ठरलेला सौदा मोडलेला नाय कधी. आणि हे त्यांचे पैसे. मयताच्या नावावर कुणाचं देणं ठेवू नये, भाऊ. मी आज नाय म्हटलं आणि तो म्हणाला, माझे बुडवले... तर ते कुणाच्या अंगावर जाणार?"

मी हिशोब खात्यातला माणूस.  एजंट लबाड आहे असं म्हणून भागणार नव्हतं. लबाड माणसाचंही देणं हे देणंच. दोन दिवस मी त्यावर विचार केला. सुलभाशी बोललो. ती भाजी निवडत होती, म्हणाली, "ठरलं ते काय ठरलं, ते आधी विचारा ना. बारा टक्के कशाचे?"

मी भाभींना तेच विचारलं. त्यांनी आठवून सांगितलं: दाखला आणायचा, कतारच्या मृत्यूच्या दाखल्याचं भाषांतर करायचं, ऑनलाइन नोंद करायची.

"यातलं त्याने काय केलं?"

"आतापर्यंत? दोनदा घरी आला. आधार, पॅनची झेरॉक्स काढली. पाच हजार आधी द्या आणि फोनवरचा ओटीपी सांगा म्हणत होता. ओटीपी मी नाय दिला. शबानाचे अब्बा म्हणायचे, आपला आपण टाकायचा."

"मग भाभी, माल अजून त्याने दाखवलेलाच नाही. न बघितलेल्या मालाचा सौदा हनीफभाई धरायचे का?"

 मागे कोंबड्यांचा आवाज. मग म्हणाल्या, "नाय. कापडाचं थान उलगडल्याशिवाय भाव नाय बोलायचे ते." आणि लगेच पुढे, "पण दोनदा आला तो. उन्हातनं आला. त्याचे मी देणार." ते बरोबरच होतं, मी वाद घातला नाही.

कामं वाटून घेतली. इकडचा मृत्यूचा दाखला अरबीत होता. आमच्या कंपनीचा सरकारी कचेऱ्यांत फिरणारा मंदूब, त्याने तो इंग्रजीत करून आणला, आणि आपल्या दूतावासात नोंदणीसाठी मी एक सकाळ रजा टाकून रांगेत उभा राहिलो. शबाना तहसील कचेरीत तीनदा गेली. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला साहेब होते पण शिक्का नव्हता. तिसऱ्या खेपेनंतर तिचा फोन आला. "काका, मिळाला! क्लार्क म्हणत होता, एजंटाकडनं का नाही आलीस. मी म्हटलं, माझे अब्बा कापड विकायचे, मला रांगेत उभं राहायला काय होतंय." कचेरीत लागले ते अर्जाचे आणि प्रतिज्ञापत्राचे, मिळून तीनशेच्या आत. भाभींचं पॅन होतं, खातं होतं. वारस म्हणून नोंदणीचा अर्ज त्या दोघींनी फणसाखाली बसून, मी फोनवर सांगेन तसा, स्वतः भरला. दहा-बारा दिवसांत तो मंजूर झाला आणि रिफंड पुन्हा मागता आला.

मधल्या काळात शुक्रवार येतच होते. हनीफभाई गेल्यावर महिनाभर कुणी आलं नाही. मग दत्ता एका सुताराला घेऊन आला. मी सरळ सांगितलं, याला काही पैसे पडत नाहीत. सुताराने दत्ताकडे पाहिलं, दत्ताने माझ्याकडे पाहिलं, आणि सुतार म्हणाला, "बघतो, कागद राहिलेत रूमवर." तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुलभाचा आवाज आला, "दीडशे रियाल! यांचं ऐकू नका, हे लाजतात." सुतार परत खुर्चीत बसला. वीस मिनिटं झाली त्यांची घासाघीस. मी लॅपटॉप उघडून बसलो. हनीफभाई गेल्यापासून पहिल्यांदाच मला त्या टेबलाशी हलकं वाटलं. इतके दिवस मनात होतं की हे सगळं त्यांच्याबरोबर संपलं... तर तसं नव्हतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी मी ऑफिसात असताना भाभींचा फोन आला. "आले," म्हणाल्या. मी म्हटलं, रक्कम वाचा. त्यांनी आकडे एकेक करून सांगितले. चार, तीन, चार, नऊ, शून्य. मी कागदावर लिहून घेतले, दोनदा ताडून पाहिले, आणि मग खुर्चीला पाठ टेकली. ऑगस्टपासून ती टेकली नव्हती असं तेव्हा जाणवलं.

तो हिशोब असा. त्रेचाळीस हजार चारशे नव्वद रुपये, सगळेच्या सगळे, रुखसानाभाभींच्या खात्यात जमा. त्यांतले एकतीस हजार शबानाने त्याच आठवड्यात कॉलेजात भरले, मुदतीच्या महिनाभर आधी. बाकीचे भाभींकडे आहेत. आणि दोनशे चाळीस रुपये, दोन खेपांचं रिक्षाभाडं आणि झेरॉक्स धरून, शबानाने एजंटाला नेऊन दिले. त्याने ते घेतले. हनीफभाईंच्या नावावर आता कुणाचं काही नाही, असं त्याच्याच तोंडून वदवून घेऊन ती घरी आली.